हातावेगळी न होणारी कादंबरी

आजचा विषय वरवर घरगुती वाटेल, पण त्यात तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न अडकलेला आहे. हल्ली पुष्कळ वाचक वर्षारंभी संकल्प सोडतात की यंदा एक तरी महाकाय कादंबरी वाचायचीच. कोणी टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ घेतो, कोणी मार्सेल प्रूस्तचे सात खंड, आपल्याकडे कोणी श्री. ना. पेंडशांचे ‘तुंबाडचे खोत’. मग रोजची पाने ठरतात, हिशेब ठेवला जातो, आणि शेवटचे पान उलटले की उद्गार येतो, ‘केली बाबा एकदाची हातावेगळी!’ कामे हातावेगळी करायची असतात, हे ठीक. पण कादंबरी?

संकल्पाला आमचा विरोध नाही. संकल्पाशिवाय या पुस्तकांच्या पहिल्या शंभर पानांतून पार होणे कठीण. प्रूस्तचा पहिला खंड एका प्रकाशकाने नाकारला, कारण झोप लागण्याआधी कूस बदलणाऱ्या माणसावर तीसेक पाने कशाला खर्ची घालायची, हे त्याला कळेना. शेवटी १९१३ साली प्रूस्तने तो पदरच्या पैशाने छापवून घेतला. तेव्हा नेम हवाच. वाद आहे तो नेम कशाचा करायचा याबद्दल.

आता ॲरिस्टॉटलकडे येऊ. ‘काव्यशास्त्रा’त तो म्हणतो की कथानकाला लांबी असावी, पण ती स्मरणात सहज मावेल एवढीच. त्याने दिलेला दृष्टान्त मजेदार आहे. हजार मैल लांबीचा प्राणी असेल, तर तो सुंदर आहे की नाही हे सांगता येणार नाही, कारण तो एका नजरेत मावणारच नाही. शोकांतिकेच्या संदर्भात हे बोलणे अगदी रास्त आहे. महाकादंबरी मात्र नेमकी हीच मर्यादा ओलांडते. तीन हजारांवर पाने कोणाच्या स्मरणात मावत नाहीत, लेखकाच्याही मावत नसतील. मग हा दोष समजायचा का?

आमचे म्हणणे असे की इथे वाचकाचे विसरणे हीच लेखकाची सामग्री होते. चित्रकाराला रंग तसे या लेखकाला आपले विस्मरण. आपण विसरू हे त्याने धरलेलेच असते.

प्रूस्तचा अखेरचा खंड घ्या. निवेदक बरीच वर्षे दूर राहून एका उमरावाच्या घरच्या समारंभाला येतो. पाहतो तर ओळखीची माणसे ओळखू येत नाहीत. त्याला वाटते, यांनी केसांना पांढरी पूड लावली असेल, खोट्या दाढ्या चिकटवल्या असतील, हा काही वेषांतराचा खेळ असेल. हळूहळू उमगते की हा खेळ काळाने केला आहे, आणि आपलीही त्यातून सुटका झालेली नाही. आता बघा, जो वाचक सात-आठ महिने या पुस्तकाबरोबर राहिला आहे, त्यालाही ती माणसे चटकन आठवत नाहीत. हा कोण? कुठे भेटला होता? निवेदकाची जी अवस्था, तीच वाचकाची. हाच प्रसंग सारांशात सांगितला तर एवढेच उरते की सगळे म्हातारे झाले. हे वाक्य खरे आहे, पण त्याने कोणाला काही होत नाही. ते व्हायला मधली दोन-अडीच हजार पाने लागतात.

दुसरे असे की पहिल्या वाचकांनी हे पुस्तक एका दमात वाचलेलेच नाही. पहिला खंड १९१३ चा, दुसरा युद्धानंतर १९१९ चा, शेवटचा १९२७ चा. प्रूस्त स्वतः १९२२ मध्ये गेला. म्हणजे पहिल्या वाचकांनी चौदा वर्षे वाट पाहिली, या काळात त्यांचेही केस पिकले. हे सात खंड एका महिन्यात उरकणारा वाचक पराक्रमी खरा, पण त्याच्यासाठी समारंभातली माणसे गेल्याच आठवड्यात भेटलेली असतात. त्याला धक्का कसा बसणार?

‘वॉर अँड पीस’चे पहिले भागही १८६५ पासून मासिकातून आले, पूर्ण पुस्तक १८६९ मध्ये. तिची प्रकरणे ३६१, बहुतेक आटोपशीर. म्हणून रोज एक प्रकरण आणि वर्षभरात कादंबरी, असा नेम जगभर अनेक जण करतात. हा नेम आम्हांला फार पसंत आहे. यात नताशा आपल्याला जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भेटते, तेरा वर्षांची, धावत दिवाणखान्यात शिरणारी. उपसंहारात ती चार मुलांची, अंगाने भरलेली आई होऊन येते तेव्हा डिसेंबर उजाडलेला असतो. मधे आपला उन्हाळा गेला, पाऊस गेला, घरात दोन-चार बऱ्यावाईट गोष्टी होऊन गेल्या. नताशाचे बदलणे अनेकांना खटकते, टॉलस्टॉयने तिला संसारात बुडवली म्हणून राग येतो. आम्हांलाही येतो. पण तो राग यावा एवढी ती आपली झाली कधी, याचे उत्तर त्या अकरा महिन्यांत आहे.

टॉलस्टॉयने लांबीचे कारण पुस्तकातच दिले आहे. इतिहास म्हणजे नेपोलियनची इच्छा आणि सेनापतींचे हुकूम नव्हे. असंख्य माणसांच्या अतिसूक्ष्म इच्छांची बेरीज केल्याशिवाय त्याचे नियम हाती लागणार नाहीत, असे तो म्हणतो, आणि त्यासाठी थेट कलनशास्त्राचा दाखला देतो. बेरीज करायची तर सूक्ष्म गोष्टी मांडाव्याच लागतात. शेवटची बारा प्रकरणे निव्वळ तत्त्वचर्चेची आहेत, स्वातंत्र्य की अपरिहार्यता, अशी. बहुतेक लोक ती गाळतात. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, तेव्हा आम्ही ती गाळा असे म्हणणार नाही. पण खरे सांगायचे तर त्यातला युक्तिवाद कादंबरीने आधीच अधिक चांगला केलेला आहे.

सगळीच लांबी अशी कमावलेली नसते. आपल्याकडच्या कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्या जाडजूड आहेत कारण प्रसंगाला प्रसंग जोडला आहे. मधली दोनशे पाने काढली तरी शेवट तसाच्या तसा उभा राहतो. नावे घेत बसत नाही, आपल्या कपाटात आहेतच. १९८७ साली दोन खंडांत आलेल्या ‘तुंबाडचे खोत’चे तसे नाही. जगबुडीच्या काठचे एक खोत घराणे आणि त्याच्या चार पिढ्या. दुसऱ्या खंडात मागच्या पिढीतल्या कोणाचे नाव निघाले की घरात गेलेल्या आजोबांचा विषय निघावा तसे होते. थोडे आठवते, थोडे ऐकीव वाटते. पहिला खंड गाळून दुसरा वाचा, घराणे कळेल, पण ही आठवण मिळणार नाही.

आता आमच्या वयाच्या मंडळींसाठी एक गोष्ट. सत्तरी ओलांडलेले स्नेही म्हणतात, ‘आता लांबलचक काही नको हो, मागचं लक्षात राहत नाही.’ आम्हांला हे ऐकून वाईट वाटते, कारण ही माणसे ज्या कारणासाठी महाकादंबरी सोडतात, त्याच कारणासाठी ती त्यांची आहे. नाव विसरणे वेगळे आणि त्या माणसाबद्दल आपल्याला काय वाटले होते ते विसरणे वेगळे. पहिले होते, दुसरे सहसा होत नाही. नाव गेले तरी माणूस समोर येताच मनात काहीतरी हलते, तेवढे पुरते. अर्थात हिशेब आहेच. रोज दहा पाने धरली तर प्रूस्तला जवळजवळ वर्ष लागेल. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांचे एक वर्ष म्हणजे थोडेथोडके नव्हे. ते ‘संपवली’ म्हणण्यासाठी द्यायचे की त्या माणसांसोबत राहण्यासाठी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे नेमाने वाचण्याची रीत जुनीच आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या नऊ हजारांवर ओव्या, ‘गुरुचरित्रा’चा सप्ताह, रोजचे अध्याय ठरलेले. पण पारायण करणारा कधी ‘संपवली’ म्हणत नाही. समाप्ती करतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्या अध्यायापासून बसतो. तिथे ग्रंथ आधीच ओळखीचा असतो, कादंबरी नवी असते, हा फरक मोठा आहे, तो आम्ही नाकारत नाही. तरी नेम पानांचा न करता बसण्याचा करावा, एवढे तिथून घेता येईल. रोज अर्धा तास बसायचे. एक प्रकरण झाले तर झाले, एकाच पानावर अडकलो तर अडकलो.

एक व्यावहारिक प्रश्न नेहमी येतो. रशियन कादंबरीत एकाच माणसाची तीन-तीन नावे, मग पुस्तकाच्या आरंभी पात्रांची यादी असते ती पाहावी का? खुशाल पाहा, पण लगेच नको. नाव आले आणि माणूस ओळखू आला नाही, तर आधी चार पाने तसेच पुढे जा. बहुतेक वेळा तो आपणहून ओळख देतो, कधी बोलण्याच्या लकबीवरून, कधी सवयीवरून. नाहीच दिली, तर यादी आहेच.