मनीऑर्डर आणि आत्मकथने : एक न मांडलेला हिशेब

दलित आत्मकथनांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांतील वेदनेवर लिहिले गेले, विद्रोहावर लिहिले गेले, भाषेच्या रांगडेपणावर तर गरजेपेक्षा जास्तच लिहिले गेले. पण ह्या पुस्तकांतून पैसा कोठून येतो, कोणाच्या हातात पडतो आणि कोठे जिरतो, हा प्रश्न आमच्या समीक्षेने क्वचितच विचारला. प्रस्थापित समीक्षकाला तो सुचला नाही ह्याचे नवल नाही. त्याच्या घरी पैशाचा प्रश्न केव्हाच सुटलेला होता. आम्हालाही तो सुचू नये, ही मात्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

मला तो सुचला तो एका चर्चासत्रात. विषय होता संघर्षोत्तर समाजातील स्थलांतर आणि दारिद्र्य. वक्त्यांनी नेपाळचे उदाहरण घेतले. तेथे १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे माओवादी आणि राज्यसत्ता यांच्यात युद्ध चालले. लाखो तरुण आखाती देशांत आणि मलेशियात मजुरीला गेले. त्यांनी घरी धाडलेला पैसा त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढा भरतो आणि दारिद्र्य घटण्यात त्याचा वाटा मोठा आहे. सारांश असा की, संघर्षाने मोडलेले घर बाहेरून येणारा पैसा उभे करतो. आकडे खरे आहेत. ते मी नाकारीत नाही. मी अडखळलो तो 'संघर्षोत्तर' ह्या शब्दापाशी. नेपाळात करारावर सह्या झाल्या, त्याला तारीख आहे. महारवाड्याच्या आणि मांगवाड्याच्या संघर्षाचा करार कोणी केला? त्याची तारीख कोणती? आणि तो संपलेलाच नसेल, तर त्या घरात येणाऱ्या पैशाचे काय होते? ह्या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला सापडले नाही. ते आमच्या आत्मकथनांत आहे.

मी पन्हाळा तालुक्यातला. आमच्या भागातून माणूस बाहेर पडण्याची वाट फार जुनी आहे. गडावर जन्मलेले मोरोपंतही आश्रयासाठी बारामतीलाच गेले. पण सामान्य माणसाच्या स्थलांतराचा इतिहास पाहायचा तर १८४४ पासून पाहावा लागेल. त्या वर्षी कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी बंड केले. सामानगड पेटला, पन्हाळा पेटला. डिसेंबरच्या आरंभी इंग्रजांनी पन्हाळा घेतला आणि तटाची मोडतोड केली. गडाबरोबर गडावर पोसलेली व्यवस्थाही मोडीत निघाली. गडांच्या घेऱ्यात राखणीला महार, मांग, रामोशी, बेरड ठेवण्याची रीत होती. इतिहासकार तटबंदीचे काय झाले ते सांगतात. घेऱ्यातल्या माणसांचे काय झाले, ते सांगत नाहीत. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे. आनंद आहे. पण वारसा दगडांचा लिहिला गेला, राखणदारांचा नाही.

महारांना इंग्रजी पलटणींचा आधार होता. पलटणीचा पगार आणि पेन्शन हाच पहिला बाहेरून येणारा पैसा. त्यातूनच पहिली शिकलेली पिढी उभी राहिली. सुभेदार रामजी सकपाळांचे घर त्याच पगारावर चालले, हे सर्वांना ठाऊक आहे. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली आणि तो मार्ग तुटला. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज केला, तो ह्याच संदर्भात. त्यानंतर वाट राहिली ती मुंबईची : गिरणी, गोदी, रेल्वे, म्युनिसिपालिटी. आमच्या डोंगरी भागातून मराठाही गेला, धनगरही गेला, महारही गेला. तेथून आली ती मनीऑर्डर.

आता पहिली गोष्ट. सर्वांची मनीऑर्डर सारखी नव्हती. गिरणीत विणखात्याला पगार जास्त, आणि त्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नाही. कारण काय? धोटा भरताना धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. म्हणजे एकाच गावचे दोघे एकाच गिरणीत गेले, तरी पहिल्या महिन्यापासून दोघांच्या घरी येणारा पैसा जातीने ठरविला. अर्थशास्त्रज्ञ स्थलांतरिताचा पैसा मोजतात, तेव्हा तो पैसा शहरातच जातीच्या चाळणीतून गाळला जातो, ह्याचा हिशेब कोण करतो?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्याचे नावच एका उत्पन्नाचे नाव आहे. बलुते हे गावाने द्यायचे धान्य. त्याच्या मोबदल्यात येसकरपाळी, मेलेले ढोर ओढणे, सांगावे पोचविणे. ह्या पुस्तकात एका बाजूला गावचे बलुते आहे आणि दुसऱ्या बाजूला मुंबईचा कावाखाना, गोदीत राबणारा बाप, चिंध्या-कागद वेचणाऱ्या बायका आहेत. समीक्षकांनी ह्या दोन जगांतील दु:खाची तुलना केली. उत्पन्नांची केली नाही. बलुते घेताना मान खाली घालावी लागे. मनीऑर्डर घेताना तसे करावे लागत नव्हते. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर गावोगावच्या महारांनी मेलेले ढोर ओढायचे सोडले, भाकरी मागायची सोडली. हे धैर्य बाबासाहेबांच्या विचाराने दिले, ह्यात शंका नाही. पण त्या धैर्याला चूल पेटती ठेवणारा आधार लागतो, आणि कित्येक घरांत तो शहरातून आलेल्या पैशाचा होता. आपण साहित्यातील 'नकारा'ची चर्चा करतो, पण त्या नकाराचा खर्च कोणी भागविला हे विचारीत नाही.

आणि ह्याच ठिकाणी पैशाची मर्यादाही कळते. गाव नकाराला बहिष्काराने उत्तर देते. दुकानदार मीठमिरची विकत नाही, पिठाची चक्की दळण घेत नाही, रानातून जायची वाट बंद होते. हातात पैसा आहे आणि त्याला किंमत नाही, अशी अवस्था. स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे प्रभावी हत्यार असल्याचे नोंदविले. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. १९७८ च्या जुलैअखेर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटली. पोचीराम कांबळे मारले गेले. धान्य, भांडीकुंडी, छपरे जळाली आणि माणसे जीव घेऊन शहरांकडे पळाली. वर्षानुवर्षे पैशापैशाने जमविलेला संसार एका रात्रीत जातो, तेव्हा दारिद्र्य घटल्याचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा? नामविस्तार १९९४ साली झाला. ती आमची तारीख म्हणावी, तर २००६ साली खैरलांजी घडली.

जळालेल्या घरांचा विषय निघाला म्हणून आमच्याच भागातील आणखी एक जाळपोळ आठवणे भाग आहे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही जळाला. तो अन्यायच होता. कोणाचेही घर जाळण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी त्यावर 'वावटळ' लिहिली आणि ती वाचताना मन हलते. पण अर्थशास्त्राचा प्रश्न उरतोच. ती कुटुंबे शहरात गेली तेव्हा त्यांच्याबरोबर अक्षर होते, ओळख होती, नात्यातले कोणी नोकरीत होते. मराठवाड्यातून पळालेल्या शेतमजुराबरोबर काय होते? आणि दोन्ही वेळा गावात मागे राहिलेली जमीन कोणाकडे होती? कुळकायद्याने जमीन कुळाकडे गेली. दलित बहुतेक ठिकाणी कूळ नव्हताच, मजूर होता. म्हणून दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले.

आमच्या कोल्हापुरात ह्या बाबतीत एक गोष्ट वेगळी घडली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द करून त्या जमिनी रयताव्याने महारांच्या नावावर केल्या. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले; त्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच कायदेमंडळात विधेयक आणले होते. महाराजांच्या निर्णयाचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी गुलामीचे काम सुटले, नावावर जमीन आली. मग मिळेल तो पैसा आपला. आजचे अर्थशास्त्र हा क्रम उलटा लावते : आधी पैसा येऊ द्या, मान आपोआप येईल. आमचा अनुभव सांगतो की आपोआप काही येत नाही.

उलट्या क्रमाचे आणखी एक रूप आमच्या वारणेच्या खोऱ्यात दर हंगामात दिसते. मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांत दलित, भटके पुष्कळ असतात. त्यांचा पैसा घरी जात नाही. तो आधीच उचल म्हणून घेऊन खर्चलेला असतो. नवराबायको मिळून एक कोयता, आणि तो कोयता फेडीसाठी चालतो. नेपाळचा दलित तरुणही सावकाराचे कर्ज काढूनच कतारला जातो. जो कर्जाने बांधून निघाला, त्याच्या पैशाला मदत म्हणायचे की हप्ता?

आता आमच्या साहित्याकडे वळतो. अण्णाभाऊ साठे वाटेगावातून मुंबईला पायी आले, गिरणीत राबले. त्यांच्या मैनेच्या छकडीत मुंबईला गेलेला पुरुष गावाकडच्या मैनेसाठी तळमळतो. ते गीत अवघ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसले. पण मैना काय करीत होती? तिच्याकडे किती पैसे येत होते? न येणाऱ्या महिन्यात तिने कोणाकडून काय उसने घेतले? आमच्या पुरुषांच्या आत्मकथनांत पैसा धाडणारा बोलतो, घेणारी बोलत नाही. ती बोलली ती बायकांनी लेखणी घेतल्यावर. बेबीताई कांबळे फलटणला छोटे दुकान चालविता चालविता 'जिणं आमुचं' लिहीत होत्या. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये वडील गेल्यावर आई बांबूच्या टोपल्या विणीत राहते. तिच्या विणण्याचा हिशेब हाच त्या पुस्तकाचा कणा आहे. स्त्रियांची आत्मकथने पुरुषांच्या मागून आली म्हणून त्यांना पुरवणी समजणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावे. खतावणीची दुसरी बाजू तेथे आहे.

मनीऑर्डरच्या फॉर्मला तळाशी मजकुरासाठी थोडी जागा असे. दोन-तीन ओळी मावत. आमच्या वस्तीत त्या ओळी वाचायला कोणी नसे. माझी आजी अंगठा उठवी आणि ती चिठ्ठी कनवटीला लावून ठेवी. मी तिसरीत गेल्यावर तिने त्या साऱ्या चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. जवळजवळ सगळ्यांवर एकच मजकूर होता : पैसे पोचल्याचे कळवावे. तिने कधीच कळविले नव्हते. लिहिता येत नव्हते. १८८० पासून चालत आलेली ती जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. आज मी तालुक्याच्या बाहेर नोकरी करतो, मोबाईलवरून घरी पैसे टाकतो आणि कर्तव्य झाले असे समजतो. मागे राहिलेल्यांनी काय कळवावे, हे मीही विचारीत नाही. पहिल्या पिढीच्या पदवीधराचा हा दोष आहे, आणि आमच्या समीक्षेचाही तोच आहे.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. दलित आत्मकथने ही पैशाच्या वाटचालीचीही कागदपत्रे आहेत. तशी ती वर्गात वाचली पाहिजेत. अर्थशास्त्राच्या वर्गात तर अवश्य. आणि नव्याने लिहिणाऱ्यांना विनंती की, जो गेला त्याची कथा पुष्कळ झाली. जी राहिली, जिने पैसा घेतला आणि पुरविला, तिला आता विचारा. तिची पोच अजून आलेली नाही.