शायरची माती आणि फ्रोडोचे वय

एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघाला की कथा किती बदलली याचाच हिशेब बहुधा मांडला जातो. आम्हांला त्याहून मोलाचा वाटतो तो निराळा प्रश्न. दिग्दर्शकाने चेहरे कोणाचे घेतले आणि भूमी कोठली घेतली? गाळलेला प्रसंग पुस्तकात सुरक्षित असतो. तो पुन्हा वाचता येतो. पण पडद्यावर पाहिलेला चेहरा आणि पाहिलेला डोंगर वाचकाच्या मनात कायमचे ठाण मांडून बसतात.

जे. आर. आर. टॉल्किन यांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांविषयी त्यांनी व्याख्यान दिले. ते पुढे १९४७ मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच्या एका टिपणात ते म्हणतात की, कथेत टेकडीचा उल्लेख आला की प्रत्येक वाचक आपण पाहिलेल्या साऱ्या टेकड्यांतून, आणि विशेषतः बालपणी पाहिलेल्या पहिल्या टेकडीतून, स्वतःची टेकडी उभी करतो. चित्र मात्र सर्वांना एकच टेकडी दाखवते. वसईत वाढलेल्या वाचकाची टेकडी तुंगारेश्वराच्या रांगेतली असेल, आणि लेखकाची त्याला मुळीच हरकत नाही. अशा लेखकाच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीवर (१९५४-५५) पीटर जॅक्सन यांनी तीन चित्रपट काढले. ते २००१, २००२ आणि २००३ या वर्षांच्या डिसेंबरात प्रदर्शित झाले. आजही घरोघरी मुले ते पाहतात. पुस्तक हाती धरण्याआधी बहुतेकांनी ते पाहिलेले असतात. म्हणून त्यांतील निवडींचा विचार आता शांतपणे करावयास हवा.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॉबिट ही ठेंगण्या, शेतीवाडीत रमणाऱ्या, पोटभर न्याहारी आवडणाऱ्या माणसांची जमात. त्यांचा मुलूख शायर. त्यांच्यापैकी फ्रोडो या साध्या गृहस्थाच्या हाती सर्वनाशक सत्ता देणारी अंगठी येते. ती वापरायची नाही, तर शत्रूच्याच मुलखातील अग्निपर्वतात नेऊन टाकायची, असे कार्य त्याच्यावर सोपवले जाते. टॉल्किन कॅथोलिक होते. त्यांच्या मातेने १९०० साली ख्रिस्तसभेत प्रवेश केला. १९०४ साली ती निवर्तल्यावर बर्मिंगहॅम ऑरेटरीच्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी या पोरक्या भावंडांचे पालकत्व निभावले. आपली कादंबरी मुळातच धार्मिक आणि कॅथोलिक आहे, असे टॉल्किन यांनी १९५३ साली एका येशूसंघीय मित्राला लिहिले होते. पुस्तकात चर्च नाही, मिस्सा नाही. पण लहानांना उंचावणाऱ्या परमेश्वराची खूण पानापानावर आहे. तेव्हा चित्रपटाच्या निवडी पारखण्याची आमची कसोटी हीच राहील: लहान माणूस तेथे खराच लहान, आणि तरीही पूर्ण माणूस, राहिला आहे काय?

प्रथम भूमी. टॉल्किन यांचे शायर हे इंग्लंडच्या मध्यभागातील खेडे आहे. वयाच्या चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत ते बर्मिंगहॅमलगतच्या सेअरहोल गावी राहिले. तेथील पाणचक्की आणि शेते त्यांच्या मनात जन्मभर राहिली. जॅक्सन यांनी मात्र शायर वसवले ते स्वतःच्या देशात, न्यूझीलंडमधील मातामाता गावाजवळच्या मेंढ्यांच्या कुरणावर. एवढ्या दूरच्या मातीत इंग्लंडचे खेडे उगवेल का, ही शंका रास्त होती. पण येथे दिग्दर्शकाने जे केले ते आम्हांला मनापासून आवडले. चित्रीकरणाच्या सुमारे वर्षभर आधी तेथे बागा लावण्यात आल्या. कोबी, फुले, कुंपणावरचे वेल यांना वाढायला वेळ दिला. त्यामुळे पडद्यावर दिसतो तो नुसता देखावा वाटत नाही. कोणीतरी रोज पाणी घातलेला मळा वाटतो. ज्याने परसात चार आळी केली आहेत त्याला हा फरक क्षणात कळेल. (बिल्बोच्या घरावरील ओकवृक्षाची कथा मात्र निराळी. तो परिसरातच दुसरीकडे तोडून, तुकडे करून आणला, पुन्हा जोडला आणि त्याला कृत्रिम पाने बांधली. सेअरहोलच्या तळ्याकाठचे एक वाळुंजाचे झाड तोडल्याचे दुःख उतारवयापर्यंत न विसरलेल्या लेखकाने यावर काय म्हटले असते, ते सांगायला नको.)

शायरबाहेर पडताच हा संयम सुटतो. न्यूझीलंडच्या पर्वतरांगा भव्य आहेत, आणि ती भव्यता दाखवण्याचा मोह दिग्दर्शकाला आवरत नाही. यात्रिकांची नऊ जणांची टोळी कड्यावरून चालते आणि कॅमेरा हेलिकॉप्टरमधून त्यांच्याभोवती घिरट्या घालतो. दृश्य सुंदर आहे. पण कादंबरी ही चालण्याची कथा आहे. भिजलेली घोंगडी, सरत आलेली शिदोरी, पायाला आलेले फोड, आणि उद्या पुन्हा तेवढेच चालणे. हे पायांना कळते, हेलिकॉप्टरला कळत नाही. अपवाद फक्त एडोरासचा. रंगिताता नदीच्या खोऱ्यात एकाकी टेकडीवर उभारलेल्या त्या लाकडी राजधानीत वारा थांबत नाही, आणि त्या वाऱ्यातच एका थकलेल्या राजकुळाची सारी कथा आहे.

अग्निपर्वतासाठी न्गाउरुहोए हे शिखर निवडले गेले, आणि येथे प्रश्न सौंदर्याच्या पलीकडे जातो. तोंगारिरो राष्ट्रीय उद्यानातील ही शिखरे माओरी लोकांना पवित्र आहेत. १८८७ साली त्यांच्याच सरदाराने ती राष्ट्राच्या स्वाधीन केली, त्यातून हे उद्यान उभे राहिले. माओरींच्या भावनेचा मान राखून शिखरमाथ्यावर चित्रीकरण झाले नाही. काही भाग शेजारच्या रुआपेहूच्या उतारांवर, काही प्रतिकृती आणि संगणकाच्या साह्याने केला. एवढा विवेक दाखवला हे खरेच. तरीही एका लोकसमूहाचा पूज्य पर्वत जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात दुष्टतेचे माहेरघर म्हणून कोरला गेला, ही गोष्ट आम्हांला सलते. आपल्या एखाद्या तीर्थस्थानाच्या टेकडीचे असे झाले असते तर?

याच धाग्याने पात्रयोजनेकडे येऊ. वीर, राजे, एल्फ, हॉबिट यांच्या प्रमुख भूमिका गौरवर्णीय नटांकडे आहेत. ज्यांच्या भूमीवर हे सारे घडले त्या माओरींपैकी लॉरेन्स माकोआरे हे गुणी नट आहेत. त्यांच्या वाट्याला आले ते उरुक-हाय सेनानी लुर्ट्झ, ऑर्क सेनापती आणि प्रेतवत् राजा यांचे मुखवटे. तीन भूमिका केल्या, पण त्यांचा चेहरा प्रेक्षकाने एकदाही पाहिला नाही. कोणी हे दुष्ट हेतूने केले असे आम्ही म्हणत नाही. पण पुढे २०२२ साली 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेत सावळ्या वर्णाचा एल्फ आणि कृष्णवर्णीय हॉबिट-पूर्वज दिसले, तेव्हा मूळ लेखकाशी द्रोह झाल्याची ओरड झाली. कृष्णवर्णीय चेहरा मुखवट्याआड असताना ही निष्ठा कोठे होती? शिवाय हॉबिटांचे हारफूट नावाचे कूळ इतरांहून अधिक तपकिरी वर्णाचे होते, असे टॉल्किन यांनीच प्रस्तावनेत नोंदवले आहे. मालिकेचे इतर दोष पुष्कळ आहेत. हा त्यांपैकी नव्हे.

आता फ्रोडो. आमची मुख्य तक्रार येथे आहे. कादंबरीत घर सोडताना फ्रोडो ५० वर्षांचा आहे. हॉबिट ३३ व्या वर्षी सज्ञान होतात, म्हणजे तो प्रौढ, घरदार असलेला, आपल्या एकान्ताला सरावलेला गृहस्थ. अंगठीच्या प्रभावाने त्याचे रूप तरुण राहिले आहे, हे खरे, आणि एलायजा वुड यांच्या निवडीचे समर्थन करणारे याच वाक्याचा आधार घेतात. पण रूप तरुण असणे वेगळे आणि मन कोवळे असणे वेगळे. चित्रीकरण १९९९ च्या ऑक्टोबरात सुरू झाले तेव्हा वुड १८ वर्षांचे होते. त्यांचे विशाल, भयचकित डोळे प्रेक्षकाला जिंकतात. पण ते एका संकटात सापडलेल्या मुलाचे डोळे आहेत. मुलाला पाठवतात, प्रौढ स्वतः निघतो. रिव्हेंडेलच्या सभेत फ्रोडो 'मी नेतो' असे म्हणतो, त्यामागे सुखी घर, सवयीच्या वाटा, ओळखीची माणसे हे सारे जाणूनबुजून सोडणे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांना त्या होकाराची किंमत जरा अधिक कळते.

सॅमची गंमत तर आणखी पुढची. पुस्तकात तो फ्रोडोहून बारा वर्षांनी लहान आहे. पडद्यावरचे शॉन अ‍ॅस्टिन हे वुड यांच्याहून जवळजवळ दहा वर्षांनी मोठे. अ‍ॅस्टिन यांचे काम उत्तम आहे. पण नाते उलटे झाले. मालकाकडे आदराने पाहत वाढलेला माळी जाऊन तेथे धाकट्याला सांभाळणारा थोरला भाऊ आला. परिणामी शेवटी अग्निपर्वताच्या कड्यावर फ्रोडो अंगठी टाकण्यास नकार देतो, तेव्हा आपण म्हणतो, बिचारे पोर थकले! पुस्तकात हा क्षण भयंकर आहे, कारण तेथे थकतो तो एक परिपक्व, सत्प्रवृत्त माणूस. त्याच्या इच्छाशक्तीचा अखेरचा थेंब संपतो. टॉल्किन यांनी हा प्रसंग प्रभूच्या प्रार्थनेतील मोह आणि दुष्टाई यांविषयीच्या विनवणीशी जोडला होता. मुलाच्या अपयशाला आपण सहज क्षमा करतो. प्रौढाच्या अपयशापुढे गुडघे टेकावे लागतात. लहान असणे आणि बाल असणे यांत दिग्दर्शकाने गल्लत केली, ती येथे सर्वांत महाग पडली.

ही हानी ज्याने बरीचशी भरून काढली तो नट पडद्यावर स्वतःच्या देहाने जवळजवळ दिसतच नाही. गॉलमसाठी अँडी सर्किस यांना आरंभी केवळ आवाजापुरते बोलावले होते. पण त्यांनी रांगत, कण्हत, स्वतःशीच भांडत ती भूमिका अंगाने उभी केली, आणि संगणकाने रेखाटलेल्या त्या जीवाचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यावरून घडवला गेला. गॉलम हा अंगठीने कुरतडलेला, मुळात हॉबिटांच्याच जातकुळीतला. त्याच्यावर बिल्बोने दया केली, नंतर फ्रोडोने केली, आणि त्या दयेवाचून कथेचा शेवट घडलाच नसता. ही दया प्रेक्षकालाही वाटली पाहिजे. दुसऱ्या चित्रपटात रात्री गॉलम आपल्यातल्या दुष्टाला निघून जा असे बजावतो आणि क्षणभर मोकळा होऊन नाचतो, तेव्हा ती वाटते. जवळच फ्रोडो झोपलेला असतो. तेथे वुड यांनी काही करावयाचे नाही, आणि त्या संपूर्ण चित्रपटात ते आम्हांला सर्वांत वयस्क वाटले ते त्या एका झोपेत.