अनोळखी माणसाची तसबीर

रस्त्यात भेटलेल्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसाचे छायाचित्र काढण्याचा अधिकार छायाचित्रकाराला कोण देतो? साहित्याच्या प्रांतात आपण हा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारून झालो आहोत. दलित, ग्रामीण आणि मुस्लिम मराठी साहित्याने प्रस्थापितांना हेच विचारले की, आमच्याविषयी कोण लिहितो, कुठे उभे राहून लिहितो आणि लिहिलेले आम्हांला वाचून दाखवतो का? छायाचित्राची चर्चा मात्र आपल्याकडे अजून प्रकाश, रचना आणि नेमका क्षण यांच्यापाशीच घुटमळते. समोरचा माणूस त्या चर्चेत बहुधा विषय म्हणूनच येतो, पक्षकार म्हणून येत नाही. म्हणून मिल्टन रोगोविन या अमेरिकन छायाचित्रकाराचे काम आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

रोगोविन पेशाने छायाचित्रकार नव्हते. त्यांचा जन्म १९०९ सालचा, न्यूयॉर्कमधला. आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू. कोलंबिया विद्यापीठातून नेत्रतपासणीचे शिक्षण घेऊन ते बफेलो या कारखान्यांच्या शहरात आले आणि १९३९ मध्ये तिथे चष्म्याचा दवाखाना थाटला. गिऱ्हाईक कामगारवर्गातले. कामगार संघटनांशी आणि डाव्या विचारांशी त्यांचा संबंध होता. १९५७ साली अमेरिकाविरोधी कारवाया तपासणाऱ्या संसदीय समितीने त्यांना बोलावले. त्यांनी उत्तरे द्यायला नकार दिला. स्थानिक वर्तमानपत्राने त्यांना शहरातला सर्वांत मोठा कम्युनिस्ट ठरवून टाकले आणि निम्मे गिऱ्हाईक तुटले. कालपर्यंत डोळे तपासून घेणारी माणसे रस्त्यात नजर चुकवू लागली. घराला आधार राहिला तो पत्नी ॲन यांच्या पगाराचा. त्या विशेष मुलांच्या शिक्षिका होत्या. (शिक्षिकेच्या पगारावर एक कलावंत उभा राहिला ही गोष्ट, का कोण जाणे, मला फार सुखावते.)

आपल्याच गावात परके होणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्याच्या हाती पुढच्याच वर्षी कॅमेरा गंभीरपणे आला, ही बाब लक्षणीय आहे. १९५८ मध्ये संगीताचे प्राध्यापक असलेले एक मित्र कृष्णवर्णीयांच्या छोट्या छोट्या चर्चमधले गायन ध्वनिमुद्रित करत होते. जुन्या दुकानांच्या गाळ्यांत भरणारी ती प्रार्थनास्थळे. रोगोविन सोबत गेले. मित्राचे काम संपले, पण रोगोविन तिथे तीन वर्षे जात राहिले. ती छायाचित्रे १९६२ मध्ये 'अपर्चर' या नियतकालिकात आली, तेव्हा त्यांना प्रास्ताविक होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉय यांचे.

आता त्यांच्या कॅमेऱ्याविषयी. तो होता रोलिफ्लेक्स. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात फ्रँके अँड हायडेके या कंपनीने १९२९ पासून बनवलेला, दोन भिंगांचा, उभ्या डब्यासारखा कॅमेरा. वरच्या भिंगातून पाहायचे आणि खालच्या भिंगातून फिल्मवर प्रतिमा उमटवायची. १२० क्रमांकाच्या फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौरस चौकटी, एका रिळात फक्त बारा. आपल्याकडेही ही फिल्म अपरिचित नाही. ज्यांच्या घरात एके काळी आग्फा क्लिक थ्री होता, त्यांच्या जुन्या अल्बममधले ते चौकोनी फोटो याच मापाच्या फिल्मवरचे.

या कॅमेऱ्याची एक खासियत समीक्षकाने ध्यानात घेतली पाहिजे. तो डोळ्याला लावत नाहीत, पोटाशी धरतात. छायाचित्रकार मान खाली घालून वरच्या काचेत पाहतो. त्यामुळे समोरच्या माणसाला यंत्राने झाकलेला चेहरा दिसत नाही, आपल्यापुढे झुकलेला एक माणूस दिसतो. आमच्या उर्दूत ज्याला आदाब म्हणतात, त्याच्याशी या पवित्र्याचे साम्य आहे. भिंग कमरेच्या उंचीवर असल्याने उभा माणूस थोडा खालून टिपला जातो आणि चित्रात भारदस्त दिसतो. काचेतली प्रतिमा मात्र डावी-उजवी उलटी असते. माणूस डावीकडे सरकला की काचेत तो उजवीकडे जातो. एका तासाला फळ्यावर उजवीकडून डावीकडे आणि दुसऱ्या तासाला डावीकडून उजवीकडे लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला यात विशेष काही वाटू नये. पण नवख्याचा गोंधळ होतो, वेळ लागतो. तो वेळ समोरच्या माणसाला मिळतो. तेवढ्यात तो सावरतो, कपडे ठीक करतो, कसे दिसायचे ते ठरवतो.

अलीकडे तरुण मंडळी असले जुने कॅमेरे पुन्हा शोधून विकत घेत आहेत आणि अनोळखी माणसांच्या तसबिरी काढत आहेत. बाराच चौकटी असल्यामुळे माणूस विचार करून बटण दाबतो, जुना कॅमेरा पाहून लोक आपणहून बोलू लागतात, असे ते सांगतात. यात तथ्य आहेच. परंतु यंत्रातच सभ्यता भरलेली असते, ही समजूत भाबडी आहे. त्यासाठी डायन आर्बस यांच्याकडे पाहावे.

आर्बस (१९२३-१९७१) यांनी १९६२ च्या सुमारास छोटा कॅमेरा सोडून रोलिफ्लेक्स घेतला. पुढे त्याच जातीचा मामिया वापरला. तीच चौरस चौकट, तीच पोटाशी धरण्याची पद्धत. १९६२ मध्येच त्यांनी सेंट्रल पार्कमध्ये खेळण्यातला हातगोळा धरलेल्या एका मुलाचे चित्र काढले. आखडलेले बोट, विस्फारलेले डोळे, वेडावलेला चेहरा. जगाने ते चित्र हिंसेचे प्रतीक म्हणून डोक्यावर घेतले. त्या वेळी काढलेल्या इतर चौकटीही उपलब्ध आहेत. त्यांत एक साधा, हसरा, मिरवणारा मुलगा दिसतो. आर्बस यांनी नेमकी ती एक चौकट निवडली. निवड हा कलावंताचा हक्क आहे, हे मान्य. वर्गात चाळीस मुले सांभाळणाऱ्याला मात्र ठाऊक असते की, प्रत्येक मुलाच्या चेहऱ्यावर दिवसातून एकदा तरी असा क्षण येतो, आणि त्या क्षणावरून मुलाची पारख करणारा शिक्षक नालायक समजला जातो. सुसान सोंटॅग यांनी १९७७ च्या 'ऑन फोटोग्राफी' या ग्रंथात आर्बस यांच्यावर कठोर टीका केली, ती बरीचशी याच दिशेची आहे.

तरीही आर्बस यांना एका वाक्यात निकालात काढता येत नाही. एडी कार्मेल या अतिउंच माणसाचे त्यांचे प्रसिद्ध चित्र १९७० चे आहे, आणि तेव्हा त्या दोघांची ओळख दहा वर्षांची होती. म्हणजे त्याही पुन्हा पुन्हा जात होत्या. पण त्या चित्राचे शीर्षक पाहा : 'आपल्या ब्राँक्समधल्या घरी आईवडिलांसोबत एक ज्यू राक्षसकाय'. माणसाचे नाव नाही. आहे ती त्याची जात-जमात आणि शरीर. आर्बस स्वतः ज्यू कुटुंबातल्या होत्या, हे लक्षात घेऊनही मला हे शीर्षक खटकते. ज्यांच्या नावाआधी त्यांच्या समाजाचे नाव उच्चारले जाते, त्यांना ते का खटकावे हे वेगळे सांगायला नको.

दुसरे टोक व्हिव्हियन मायर यांचे. शिकागोत मुले सांभाळणारी ही बाई आयुष्यभर रस्त्यावरच्या माणसांना रोलिफ्लेक्सने टिपत राहिली. २००७ मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा तिचे काम उजेडात आले. २००९ मध्ये ती वारली. शेकडो रिळे धुतलेलीच नव्हती. तिने चित्रे विकली नाहीत, मिरवली नाहीत. नंतर त्या चित्रांची मालकी कोणाची यावर न्यायालयात वाद झाले. चित्रांतल्या माणसांचा त्या वादात कुठेच पत्ता नव्हता.

रोगोविन यांचे वेगळेपण इथे कळते. १९७२ मध्ये, वयाच्या साठीनंतर, त्यांनी आपल्या दवाखान्याजवळच्या लोअर वेस्ट साइड या वस्तीत काम सुरू केले. जेमतेम सहा चौकांची वस्ती. पोर्तो रिकन, कृष्णवर्णीय, इटालियन, मूळ अमेरिकन इंडियन अशी सरमिसळ. बेकारी, दारू, नशा यांमुळे बदनाम. सुरुवातीला लोकांना हा पोलिसांचा किंवा सरकारचा हेर वाटला. संशय कसा असतो ते रोगोविन यांना पुरेपूर ठाऊक होते, त्यामुळे ते रागावले नाहीत. त्यांनी एकच केले : काढलेल्या चित्राची प्रत घेऊन ते परत गेले आणि ज्याची त्याला दिली, फुकट. मग दारे उघडली. रस्त्यावरून ओसरीत आणि ओसरीवरून घरात.

ते कोणाला कसे उभे राहा हे सांगत नसत. हनुवटी खाली, हात मांडीवर, हलू नका, ही स्टुडिओची आज्ञावली आपल्या परिचयाची आहे. शाळेच्या ओळखपत्रासाठी रांगेत उभी केलेली मुले ती निमूटपणे पाळतात आणि सगळी सारखीच दिसतात. रोगोविन यांच्या चित्रांत कोणी पलंगावर बसते, कोणी देवाच्या चित्राखाली उभे राहते, कोणी पोराला कडेवर घेते. घरातली कोणती वस्तू शेजारी असावी हे ज्याचे घर त्याने ठरवलेले. आणि नजर थेट भिंगात. या थेट नजरेमुळे ती चित्रे दयेची मागणी करत नाहीत. श्रीमंतांपाशी त्यांचे छायाचित्रकार असतातच, असे रोगोविन म्हणत.

'वर्किंग पीपल' या मालिकेत त्यांनी एकाच कामगाराची दोन चित्रे शेजारी ठेवली : एक पोलाद कारखान्यात, दुसरे घरी. कारखान्यात शिरस्त्राण, जाड चष्मा आणि काजळीत चेहरा हरवलेला; घरी तोच माणूस कुटुंबासोबत बैठकीच्या खोलीत. दोन चित्रांमधल्या रिकाम्या जागेत वाचकाला बरेच वाचायला मिळते. पुढे १९८३ मध्ये बफेलोशेजारच्या लॅकवॉना येथे बेथलेहेम कंपनीची पोलादनिर्मिती थांबली. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला त्या जोड्यांचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही.

रोगोविन यांच्यात दोष नाहीत असे नाही. त्यांचा फ्लॅश पुष्कळदा खोलीतला मूळ प्रकाश मारून टाकतो. त्याहून मोठी उणीव अशी की, त्यांच्या चित्रांत रागावलेला माणूस फार थोडा सापडतो. प्रत्येक जण शांत, सोसलेला, सन्मानाने उभा. गरिबाला प्रतिष्ठा देण्याच्या नादात त्याचा क्रोध आणि क्षुद्रपणा वगळला जातो का, हा प्रश्न आपल्या कथा-कादंबऱ्यांनाही लागू आहे. ज्याला आपले चित्र स्वतः ठरवू दिले, तो चांगलेच दिसायचे ठरवणार. मला स्वतःला यातली निवड अवघड वाटत नाही. अनोळखी माणसाने दाखवलेला खोटा रुबाब मला चालेल. त्याच्या नकळत चोरलेला खरा चेहरा नको.

बारा वर्षांनी, १९८४ मध्ये, रोगोविन पुन्हा त्या वस्तीत गेले. पत्ते बदललेले, लोक पांगलेले. ॲन यांच्यासह ते जुन्या प्रती हातात धरून दारोदार विचारत फिरले : ही बाई कुठे राहते, हा मुलगा आता काय करतो? सापडले त्यांना तशाच साधेपणाने पुन्हा उभे केले. तिसरी फेरी १९९२ पासून, आणि त्यातून 'ट्रिप्टिक्स' हा १९९४ चा ग्रंथ झाला. एका पानावर एकाच माणसाची वीस वर्षे. आईच्या मांडीवरचे मूल तिसऱ्या चित्रात स्वतः मूल घेऊन बसते. नवरा एका चित्रात असतो, पुढच्यात नसतो. नशेत बुडालेला कोणी सावरून उभा राहतो, तर देखणी मुलगी अकाली थकते. चित्रांच्या मधल्या वर्षांत काय घडले ते रोगोविन सांगत नाहीत. पहिल्या चित्रापुरते आपल्याला अनोळखी असलेले ते माणूस तिसऱ्या चित्राशी येईतो आपल्या काळजीचे होते, आणि हे एका सुट्या चित्राने कितीही कलात्मक असले तरी साधत नाही.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांचा संग्रह स्वीकारला. ज्या सरकारच्या समितीने त्यांना परके ठरवले, त्याच सरकारच्या ग्रंथालयाने. त्यानंतरही, २००० मध्ये, वयाच्या नव्वदीत ते चौथ्यांदा त्याच गल्ल्यांत गेले, तोच रोलिफ्लेक्स घेऊन. २००३ मध्ये ॲन वारल्या आणि २०११ मध्ये, एकशे एकाव्या वर्षी, रोगोविन. त्या शेवटच्या फेरीतून काही त्रयींची चौकडी झाली. बाकीच्यांना चौथे चित्र नाही. कोणी वारले होते, कोणी गाव सोडून गेले होते, आणि काहींचा पत्ता त्या वस्तीत कोणालाच सांगता आला नाही.