चोखोबांच्या समाधानाची किंमत

चोखामेळ्यांच्या सोशिकतेचे आपल्या समीक्षेने फार कौतुक केले आहे. एवढे भोगूनही संत कसा शांत राहिला, हे सांगताना समीक्षकाच्या लेखणीला पाझर फुटतो. ही शांती कोणत्या समजुतीवर उभी आहे, हे मात्र तो विचारत नाही.

एका अभंगात चोखोबा सांगतात, की पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून महाराचा जन्म आला. म्हणजे जगाचा न्याय चोखच, गुन्हेगार मी! माणूस असे का मानतो? अकारण छळापेक्षा सकारण शिक्षा सोसायला सोपी जाते. हा दिलासा खोटा होता असे मी म्हणणार नाही. उपाशी माणसाच्या दिलाशाची टवाळी करणे हा भरल्या पोटाचा उद्योग आहे. पण या दिलाशाचे व्याज चढते. बाहेर पडायचा राग आत वळतो आणि माणूस स्वतःलाच खाऊ लागतो.

हे केवळ गाथेतले नाही. अमेरिकेतील ॲरिझोनात एका शाळेतल्या, बहुतांशी वंचित समाजातील मुलांचा अभ्यास एरिन गॉडफ्रे व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या देशाची व्यवस्था न्याय्य आहे असे मानणाऱ्या मुलांचा आत्मसन्मान सहावीत चांगला होता. आठवीपर्यंत तो घसरत गेला. भेदभाव अनुभवाला येऊ लागला, की अशा मुलाला दोष द्यायला स्वतःखेरीज कोण उरते?

आपल्यापैकी काहींनी चोखोबांना लाचार म्हणून मोडीत काढले. मला ते पटत नाही. देहच विटाळातून जन्मतो, मग सोवळा कोण, हा सवालही त्यांचाच. आणि त्यांचा मुलगा कर्ममेळा (नावातच कर्म!) पूर्वजन्माचा हिशेब मागतच नाही. आम्हाला हीन करून जन्मभर उष्ट्यावर ठेवल्याची लाज तो देवालाच विचारतो. बापाच्या त्या अभंगात आरोपी स्वतः, लेकाच्या अभंगात देव. समाज अजून पिंजऱ्याबाहेरच.

बाबासाहेबांनी त्याला आत आणले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी म्हटले आहे, की गरीब व हीनदीनांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज पूर्वकर्माच्या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही.

शिक्षक मित्रांनी बापलेकांचे हे अभंग शेजारी ठेवून शिकवावेत, आणि मुले कोणाच्या बाजूने बोलतात ते ऐकावे.