किल्ल्याच्या तटाबाहेरची वसई

भीमाशंकरच्या देवळापुढे टांगलेली मोठी घंटा जवळून पाहिली, तर तिच्यावर क्रूस दिसतो आणि 1729 हे साल वाचता येते. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा 1721 सालची. वसईच्या मोहिमेनंतर या घंटा देशावर आल्या, हे तिथल्या पुजाऱ्यापासून शाळेच्या सहलीला आलेल्या मुलापर्यंत सगळे सांगतात. पण ती घंटा वसईच्या कोणत्या चर्चमध्ये होती, तिच्या आवाजावर कोणत्या वाडीतले लोक उठत-निजत होते आणि घंटा गेल्यावर त्या लोकांचे काय झाले, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वसईच्या इतिहासाच्या अभ्यासाची आजची अवस्था या घंटेसारखी आहे. विजयाची खूण आपण जपली आणि जिथून ती आली ते गाव विसरलो. चिमाजीअप्पांचा पराक्रम थोर होता, त्याविषयी शंका नाही. पण वसईचा इतिहास मे 1739 मध्ये पुरा होत नाही. गेल्या दीडशे वर्षांत रेल्वे, कूळकायदा, पाण्याचा झगडा, बिल्डर आणि महापालिका यांनी या तालुक्याची जी उलथापालथ केली, तिचा पदव्युत्तर पातळीवर शिस्तीने अभ्यास व्हायला हवा, आणि तो वसईतच, मराठीतून व्हायला हवा.

आधीच्या पिढ्यांनी कमी काम केले असे कोणी म्हणणार नाही. गर्सन द कुन्हा यांचे चौल आणि वसईच्या पुरावस्तूंवरचे पुस्तक 1876 चे. 1882 मध्ये ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले आणि त्याच साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच सोपाऱ्यात मिळाला. 1924 मध्ये राजवाड्यांनी महिकावतीची बखर छापली. 1937 मध्ये य. न. केळकरांनी वसईच्या मोहिमेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सरदेसाईंच्या संपादनाखाली निघालेल्या पेशवे दप्तराच्या 45 खंडांत मोहिमेची पत्रे आली, आणि 1967 मध्ये पिसुर्लेकरांच्या पोर्तुगेज-मराठे संबंधांवरील ग्रंथाने गोव्याच्या दप्तरखान्यातला पुरावा मराठीत आणला. ही परंपरा भक्कम आहे. मात्र तिचा रोख राज्यांकडे, तहांकडे आणि वेढ्यांकडे राहिला. राजवाड्यांचा अपवाद करावा लागेल. बखरीच्या लांबलचक प्रस्तावनेत उत्तर कोकणात वस्ती कोणी केली, कोणकोणत्या जाती कुठून आल्या, राजे बदलले तरी या माणसांना त्याचे सोयरसुतक का नव्हते, असे प्रश्न त्यांनी उभे केले. त्यांची बरीच उत्तरे आज टिकणार नाहीत, पण प्रश्न अचूक जागी बोट ठेवणारे होते. दुर्दैवाने राजवाड्यांचे भक्तही त्या प्रश्नांच्या वाटेला फारसे गेले नाहीत.

अलीकडच्या काळात वसईवरचे सर्वांत कसदार प्रबंध पोर्तुगालमध्ये लिहिले गेले. आंद्रे तैशेरा यांनी लिस्बनमध्ये वसई आणि तिच्या मुलुखाचे राजकारण व अर्थकारण अभ्यासले, 1534 ते 1665 पर्यंतचे. सिद्ध मेंदिरात्ता यांनी कोइंब्रा विद्यापीठात पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताच्या तटबंदीवर प्रबंध लिहिला, 1521 ते 1739 या काळावर. या कामांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. गावागावांतले पडके बुरूज, चर्चच्या जागा, जमीनधाऱ्याची पोर्तुगीज कागदपत्रे यांचा मेळ घालून त्यांनी प्रदेश वाचला. तरीही त्यांची साले पाहा: पोर्तुगीज गेले की, किंवा त्याआधीच, वसई संपते. आपल्याकडे 1739 हा कळस आहे, त्यांच्याकडे शेवट. दोन्ही दारे एकाच वर्षी बंद होतात आणि त्या दारांमागे उरलेली माणसे, म्हणजे वाडवळ, सामवेदी, कोळी, भंडारी, आगरी, वारली, दोन्हीकडच्या अभ्यासातून एकदमच बाहेर पडतात. फार तर 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहापुरते ते दार किलकिले होते, तेही दुसऱ्या बाजीरावासाठी, वसईकरांसाठी नव्हे.

दाराबाहेर जे घडले ते थोडे नाही. 1864 मध्ये बी. बी. सी. आय. रेल्वे खाडी ओलांडून मुंबईला भिडली आणि वसईची केळी, विड्याची पाने, फुले, आगाशीची सुकेळी यांना रोजची बाजारपेठ मिळाली. 1936 मध्ये विरारपर्यंतच्या रेल्वेमार्गावर वीज आली आणि बाजाराला जाणाऱ्या गाडीतून नोकरदार जाऊ लागले. 1957 च्या 1 एप्रिलला, कृषक दिनी, कूळकायद्याने कसणारा कागदोपत्री मालक ठरला. पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासीच्या बाबतीत मात्र कायदा आणि जमीन यांच्यातले अंतर मिटेना. 1982 पासून श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांची सुटका हाती घेतली, ती याच तालुक्यात. 1980 च्या दशकाच्या शेवटी टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध आणि बांधकामासाठी हिरवा पट्टा खुला करण्याविरुद्ध हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. 1990 मध्ये नियोजन सिडकोकडे गेले. 2009 च्या जुलैत चार नगरपालिका आणि 53 ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली, आणि 29 गावे तिच्यातून वगळावीत की नाही हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. 2011 च्या जनगणनेत या शहराची वस्ती बारा लाखांवर गेलेली होती. 2014 च्या 1 ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला.

हे सगळे लिहिले कोणी? बहुतांशी धर्मगुरूंनी, पत्रकारांनी, शाळामास्तरांनी आणि कवींनी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 1983 ते 2007 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले. त्या अंकांत वसईचे पाणी, जमीन, भाषा आणि श्रद्धा महिन्यामागून महिने नोंदली गेली. फादर फ्रान्सिस कोरिया यांनी सामवेदी ख्रिस्ती समाजावर लिहिले, सिसिलिया कार्व्हालो यांनी ललित लेखनातून या परिसराचे मन उलगडले. एल्सी बाप्टिस्टा यांचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजावरचे इंग्रजी पुस्तक 1967 चे. हे लेखन नसते तर आज हाताशी काहीच राहिले नसते, हे कृतज्ञतेने मान्य करायला हवे. पण दिब्रिटो हरित वसईचे नेते होते आणि तिचे लेखकही होते. चळवळीतला माणूस चळवळीची साक्ष देतो. त्या साक्षीला विरुद्ध बाजूची कागदपत्रे, जमीन विकलेल्या शेतकऱ्याचे म्हणणे, नव्याने आलेल्या भाडेकरूचे म्हणणे लावून पाहणे हे त्याचे काम नव्हे. ते विद्यार्थ्याचे काम आहे. फादर दिब्रिटो 25 जुलै 2024 रोजी गेले. ज्यांना समोर बसवून प्रश्न विचारता आले असते अशांपैकी ते एक होते.

या कामाला लागणारा पुरावा लिस्बनमध्ये नाही, तलाठ्याच्या कपाटात आहे. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, उघडून एकाच वाडीच्या नोंदी पन्नास वर्षांच्या ओळीने वाचाव्यात. आधी वारसाची नोंद येते, बाप गेला, चार मुलगे आणि विधवा आई यांची नावे लागतात. मग हिस्सा पडतो, एका सर्व्हे नंबराचे चार तुकडे होतात. पुढे कुळाचे नाव दाखल होते किंवा कमी होते. मग खरेदीखत येते आणि घेणाऱ्याचे नाव पहिल्यांदाच गावाबाहेरचे असते. त्यानंतर बिनशेतीचा आदेश, आणि अखेरीस एका गृहनिर्माण संस्थेचे नाव. त्याच जमिनीचा नमुना बारा शेजारी ठेवला की पिकाच्या रकान्यात केळी, पानवेल, भाजीपाला असे शब्द कुठल्या वर्षापर्यंत येतात आणि 'गवत पड' कुठल्या वर्षी सुरू होते, तेही दिसते. सिंचनाच्या साधनाच्या रकान्यात विहीर असते, तिच्यावर एके काळी रहाट फिरत असे. जमीन आधी पडीक पडली आणि मग विकली गेली, की विकायची ठरल्यावर पडीक ठेवली गेली, हा वसईच्या आधुनिक इतिहासातला कळीचा प्रश्न आहे. बागायतदार पाणी खारे झाल्याचे सांगतो, बिल्डर शेती परवडेनाशी झाल्याचे सांगतो. वीस वाड्यांचे फेरफार आणि नमुना बारा समोरासमोर मांडले, तर यातले किती खरे हे एखाद्या मेहनती विद्यार्थ्याला दोन वर्षांत दाखवता येईल. जुन्या नोंदी मोडीत आहेत, ती चार-सहा महिन्यांत शिकता येते.

संस्कृतीच्या अभ्यासातही असाच ऐवज पडून आहे. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची घरातली बोली जवळजवळ एकच, कादोडी. धर्माने साडेचारशे वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झालेल्या दोन समाजांनी एक बोली इतकी वर्षे कशी राखली, हा भाषेच्या, जातीच्या आणि शेजारधर्माच्या अभ्यासकाला एकाच वेळी बोलावणारा प्रश्न आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चमधली उपासना लॅटिनमधून मराठीत आली. गोव्यात कोकणी-मराठीवरून रण पेटले असताना वसईच्या ख्रिस्ती समाजाने मराठीला आपली प्रार्थनेची भाषा केली, याचे राजकीय आणि सामाजिक परिणाम तपासण्यासारखे आहेत. राजकारणाचेही तेच. अण्णासाहेब वर्तकांपासून भाऊसाहेब आणि ताराबाईंपर्यंत वर्तक घराण्याचे काँग्रेसी नेतृत्व, 1990 पासून हितेंद्र ठाकूर आणि पुढे बहुजन विकास आघाडी, महापालिका झाली त्याच वर्षी विधानसभेला श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित यांचा विजय, या सगळ्यावर निवडणुकीच्या बातम्या ढिगाने आहेत. सहकारी बागायतदारांच्या तालुक्यातून इमारतींच्या शहरात सत्ता कशी सरकली, याची मांडणी मात्र बातम्यांतून होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की एका तालुक्याचा अभ्यास म्हणजे विहिरीतला बेडूक. पदव्युत्तर विद्यार्थ्याने देशाचा, जगाचा विचार करावा. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 1948 मध्ये स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्यासाठी निघाला, तेव्हा तिथेही हेच म्हटले जाणे शक्य होते. त्या विभागाने कुंपणे, पायवाटा आणि पडकी गावे वाचायला शिकवले आणि साऱ्या देशाच्या शेतीचा इतिहास बदलून टाकला. आपल्याकडे कोल्हापूरचे उदाहरण आहे. जयसिंगराव पवारांसारख्यांनी शाहू महाराजांच्या संस्थानाचा कागद न् कागद लावला, म्हणूनच आरक्षणाचा आणि ब्राह्मणेतर चळवळीचा विचार करणाऱ्या कुणालाही आज कोल्हापूर टाळता येत नाही. मुंबईचा इतिहास गिरणगावापाशी थांबवणाऱ्यालाही वसई हवी. गिरण्या बंद पडल्यावर चाळीतले कुटुंब गाडीने कुठवर गेले, त्याचे एक उत्तर नालासोपारा आणि विरार हे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा काळ फार जवळचा, संबंधित माणसे हयात, जमिनीचे वाद चालू. अशा विषयावर विद्यार्थ्याने लिहिले तर त्याच्यावर दडपण येईल, आणि समाज आपापल्या जातीचा गौरवग्रंथ लिहून घेईल. ही भीती खोटी नाही. वसईत प्रत्येक समाजाची स्वतःची कुळकथा आहे आणि बहुतेक कुळकथांत आपण मूळचे आणि उच्च असल्याचा दावा आहे. पण म्हणूनच मार्गदर्शक, परीक्षक आणि पुराव्याचे नियम असलेली जागा हवी. विद्यापीठाने विषय सोडला म्हणून तो लिहायचा थांबत नाही. तो स्मरणिकांत, निवडणुकीच्या पत्रकांत आणि व्हॉट्सॲपवर लिहिला जातो. हयात माणसांची अडचण सोडवण्याच्या पद्धतीही आहेत: नावे झाकणे, मुलाखत ठरावीक वर्षे बंद ठेवणे, चालू दाव्यातल्या जमिनी वगळणे. मौखिक इतिहासात हे रोज केले जाते.

पोटापाण्याचा आक्षेप उरतो. एम. ए. इतिहास करून नोकरी कुठे, हा प्रश्न वसईच्या घराघरांत विचारला जातो आणि तो रास्त आहे. वसईच्या इतिहासावर प्रबंध लिहून प्राध्यापकी मिळेल असे वचन कोणी देऊ नये. पण जमिनीच्या नोंदी, विकास आराखडा, न्यायालयाचे निकाल वाचू शकणारा, मोडी जाणणारा, मुलाखती नोंदवून लावू शकणारा पदवीधर वकिलाकडे, वृत्तपत्रात, पालिकेत, संग्रहालयात कामाचा असतो. तयार नोट्स पाठ करून पास झालेला पदवीधर यातल्या कुठल्याही जागी उपयोगी पडत नाही.

पूर्वी अशा स्थानिक विषयाला एम. फिल. ची लहानशी जागा होती. 2022 च्या नियमांनी ती पदवीच बंद झाली. उलट 2023-24 पासून नव्या धोरणानुसार एम. ए. च्या अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आणि क्षेत्रकार्य आले आहे. वसई-विरारमध्ये वर्तक, गोन्सालो गार्सिया आणि विवा ही मोठी महाविद्यालये आहेत. या प्रकल्पांचे विषय दरवर्षी नव्याने, एकटेदुकटे न ठरवता तिन्ही महाविद्यालयांनी मिळून गावे वाटून घ्यावीत. एकाने अर्नाळा घ्यावा, एकाने भुईगाव, एकाने नायगाव आणि पूर्वेचे पारोळ. फेरफार, सहकारी संस्थांची इतिवृत्ते, 'सुवार्ते'चे जुने अंक, मुलाखती हे सगळे एका ठिकाणी, एका पद्धतीने जमवावे. दहा वर्षांत एक असा साठा तयार होईल, ज्याच्या आधारावर पुढचा पीएच. डी. चा विद्यार्थी मुंबईत किंवा लिस्बनमध्ये बसूनही 1739 च्या पुढची वसई लिहू शकेल.

घाई एवढ्याचसाठी की हरित वसईच्या मोर्च्यात विशीत असलेले लोक आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत आणि रहाट हाकलेले हात ऐंशीच्या घरात आहेत. जुने घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा माळ्यावरची ट्रंक आधी रद्दीवाल्याकडे जाते. त्या ट्रंकेत वाडीचे हिशेब, पानांच्या व्यापाराच्या पट्ट्या, सोसायटीच्या पावत्या, मोर्च्याची पत्रके असतात. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी ट्रंक असेल, तर ती विकण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन दाखवावी.