अनिर्वचनीयाची प्रश्नावली

डायमिथाइलट्रिप्टामाइन, संक्षेपाने डीएमटी, या द्रव्याविषयी गेल्या तीन दशकांत जे लेखन झाले आहे त्याचे सामान्यतः दोन तट पाडले जातात : एक विज्ञानाचा, दुसरा श्रद्धेचा. मेंदूतील सेरोटोनिनच्या विशिष्ट ग्राहींवर हा रेणू कशी क्रिया करतो हे पहिल्याला सांगायचे असते. या रेणूमुळे जे 'दुसरे जग' दिसते ते खरोखरच अस्तित्वात आहे, असा दुसऱ्याचा आग्रह असतो. परंतु दोन्ही पक्ष शेवटी ज्या पुराव्यावर विसंबतात तो रेणू नव्हे आणि मेंदूचा आलेखही नव्हे. तो पुरावा म्हणजे त्या अवस्थेतून परतलेल्या माणसाने उच्चारलेली वाक्ये. ही वाक्ये म्हणजे एक संहिता आहे. तिला घाट आहे, संकेत आहेत, पूर्वसूरी आहेत. तरीही तिच्याकडे खिडकीच्या काचेकडे पाहावे तसे, म्हणजे तिच्यातून पलीकडे, पाहिले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय ही काच आहे.

हे द्रव्य प्रयोगशाळेत प्रथम सिद्ध झाले १९३१ मध्ये, रिचर्ड मान्स्के यांच्या हातून. त्याचा मनावर होणारा परिणाम स्टीफन सारा यांनी १९५६ मध्ये बुडापेस्ट येथे स्वतःला टोचून घेऊन नोंदविला. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील आयावास्का या पेयात ते फार पूर्वीपासून आहेच. मात्र शिपिबो वैद्यांच्या परंपरेत या पेयाशी जोडलेला प्रधान वाङ्मयप्रकार 'इकारो' हे गाणे आहे, आणि ते विधी चालू असताना गायिले जाते. अनुभव ओसरल्यावर त्याचे वृत्त देणे हा वेगळाच प्रकार आहे, आणि त्याची जडणघडण रुग्णालयात झाली आहे.

न्यू मेक्सिको विद्यापीठात १९९० ते १९९५ या काळात रिक स्ट्रासमन यांनी सुमारे ६० स्वयंसेवकांना एकूण ४०० च्या आसपास मात्रा शिरेतून दिल्या. त्यावर आधारलेले त्यांचे 'डीएमटी : द स्पिरिट मॉलिक्यूल' हे पुस्तक २००१ मध्ये आले आणि या वाङ्मयप्रकाराचा जणू आदिग्रंथ ठरले. स्वयंसेवक खाटेवर पडलेला, डोळ्यांवर काळी पट्टी, शेजारी वही घेऊन बसलेला वैद्य. परिणाम दोन मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि अर्ध्या तासात सरतो. मग बोलणे सुरू होते. जे एकाच वेळी सर्व बाजूंनी कोसळले असे सांगितले जाते त्याला आता 'आधी', 'मग', 'इतक्यात', 'शेवटी' या अव्ययांच्या माळेत ओवावे लागते. प्रवेश, भेट, संदेश आणि परतणे हा लोककथेतील प्रवासाचा जुना आराखडा येथे आपोआप हाताशी येतो. हा आराखडा अनुभवाचा की निवेदनाचा, हा प्रश्न त्या वहीत विचारला जात नाही.

याहून अर्थपूर्ण बाब मापनाच्या साधनाची आहे. स्ट्रासमन यांनी आपली मूल्यांकन-प्रश्नावली तयार करताना आधीपासून डीएमटी घेत आलेल्या १९ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या वर्णनांतून प्रश्न बेतले. म्हणजे जुन्या कथकांचे शब्द प्रश्न झाले आणि नव्या कथकांचे अनुभव त्या शब्दांवर मोजले गेले. आंतरसंहितात्मकतेचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. येथे लबाडी मुळीच नाही. कोणत्याही प्रश्नावलीला कोठून तरी शब्द घ्यावेच लागतात. परंतु मग मोजले गेले ते काय?

आज अधिक वापरात असलेली 'गूढानुभव प्रश्नावली' पाहिली म्हणजे हा पेच आणखी गहिरा होतो. तिची वंशावळ सांगता येते. विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये गूढानुभवाची जी चार लक्षणे सांगितली त्यांतली पहिली दोन म्हणजे शब्दातीतता आणि ज्ञानरूपता. डब्ल्यू. टी. स्टेस यांनी 'मिस्टिसिझम अँड फिलॉसफी' (१९६०) या ग्रंथात निरनिराळ्या धर्मपरंपरांतील वचने एकत्र करून त्या सर्वांच्या मुळाशी एकच अनुभव आहे असे प्रतिपादन केले. वॉल्टर पान्के यांनी १९६२ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये गुड फ्रायडेला केलेल्या सायलोसायबिनच्या प्रयोगासाठी मुख्यतः स्टेस यांचीच लक्षणे घेतली. त्या प्रश्नावलीचे आजचे ३० प्रश्नांचे रूप चार घटकांत विभागलेले आहे आणि प्रत्येक घटकात किमान ६० टक्के गुण मिळाल्यास अनुभव 'पूर्ण गूढानुभव' मानला जातो. या चार घटकांपैकी एक आहे शब्दातीतता. जे शब्दांत सांगता येत नाही ते साठ टक्के सांगता आले नाही, असे उत्तर शून्य ते पाच या अंकांत द्यायचे! विनोद बाजूला ठेवू, कारण परिणाम गंभीर आहेत : सायलोसायबिनच्या उपचारांत हे गुण आणि रुग्णाची सुधारणा यांचा संबंध अनेक अभ्यासांतून दाखविला गेला आहे, आणि एक वाङ्मयीन सिद्धांत अशा रीतीने वैद्यकाच्या तक्त्यात जाऊन बसला आहे. या क्षेत्राच्या आतूनही त्यावर टीका झाली. गूढवादाची चौकट सोडून द्यावी, अशी मागणी सँडर्स आणि झिलमन्स यांनी २०२१ मध्ये केली. त्यांचा आक्षेप वैज्ञानिकतेच्या दृष्टीने आहे. संहितेच्या वाचनाच्या दृष्टीने घ्यावयाचा आक्षेप निराळा आहे, आणि तो भारतीय वाचकाच्या अगदी जवळचा आहे.

स्टेस यांच्या पुराव्यात मांडूक्योपनिषदाला मानाचे स्थान आहे. त्यातील 'चतुर्थ' पादाच्या वर्णनाकडे ते एका अनुभवाचे निवेदन म्हणून पाहतात. परंतु मांडूक्य हे कोणा ऋषीचे अनुभवकथन नव्हे. अवघ्या बारा मंत्रांचे हे उपनिषद ओंकाराच्या मात्रांची आणि आत्म्याच्या पादांची जुळणी करते. तीन पाद तीन मात्रांशी जुळवून झाल्यावर चौथा 'अमात्र' उरतो आणि त्याचे निर्देशन नकारांच्या मालिकेनेच होऊ शकते. येथील नकार वर्णन करताना थकलेल्या साक्षीदाराचा नाही. तो विवेचनाच्या रचनेतूनच निष्पन्न झालेला आहे. अक्षरचिंतनाला अहवाल समजणे ही वाङ्मयप्रकाराची गफलत आहे. ती एका प्राध्यापकाच्या ग्रंथापुरती राहिली असती तर चालले असते; ती प्रश्नावलीच्या पायात गेली.

आपल्याकडची गफलत वेगळी आहे. जेम्स यांच्या शब्दातीततेसाठी आपण सर्रास 'अनिर्वचनीय' हा शब्द वापरतो. भक्तिपरंपरेत त्याला तसा आधार आहे. परंतु अद्वैत वेदान्तात या संज्ञेचे घर भ्रममीमांसेत आहे. दोरीवर दिसलेला साप सत् नाही, कारण पुढे त्याचा बाध होतो. तो असत्ही नाही, कारण वंध्यापुत्र दिसत नाही आणि साप तर दिसला. म्हणून तो अनिर्वचनीय. वर्णन करण्यास शब्द अपुरे पडतात असा येथे अर्थच नाही. सापाचे वर्णन तर कोणीही करील. अपुऱ्या पडतात त्या 'आहे' आणि 'नाही' या दोन कोटी.

डीएमटीच्या कथनांना ही संज्ञा या मूळ अर्थाने लावून पाहावी. स्ट्रासमन यांच्या निदान निम्म्या स्वयंसेवकांना कोणी 'भेटले' : कोणी कीटकांसारखे, कोणी विदूषकांसारखे, कोणी पाहणारे, तपासणारे, शिकविणारे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात अशा भेटी सांगणाऱ्या २,५६१ जणांची उत्तरे आहेत. त्यांपैकी बहुसंख्यांना ती भेट नेहमीच्या वास्तवाहून अधिक वास्तव वाटली. पूर्वी निरीश्वरवादी असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण नंतर तसे राहिले नाहीत. उत्तरे देणारे स्वेच्छेने पुढे आलेले होते, हे अर्थातच विसरता कामा नये. तरीही तत्त्वविचाराच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की येथे बाध होत नाही. जागा झालेला माणूस स्वप्नाला स्वप्न म्हणतो. हा माणूस शुद्धीवर येऊन, चहा पिऊन, काही वर्षांनीसुद्धा म्हणतो की ते खरे होते. प्रातिभासिक म्हणावे तर बाध नाही. पारमार्थिक म्हणावे तर तेथे 'दुसरे' कोणी असता कामा नये, आणि येथे तर दुसऱ्यांची गर्दी. स्टेस यांच्या ऐक्याच्या चौकटीतही हे पाहुणे मावत नाहीत. स्वतः स्ट्रासमन यांनी प्रथम त्यांचे मनोविश्लेषणात्मक अर्थ लावून पाहिले, स्वयंसेवकांनी ते मानले नाहीत. पुढे २०१४ च्या पुस्तकात त्यांनी ऐक्यवादी प्रतिमान सोडून हिब्रू बायबलमधील प्रेषितांच्या संवादरूप साक्षात्काराचे प्रतिमान स्वीकारले. वाङ्मयप्रकार बदलला, हे मला यातले महत्त्वाचे वाटते. पुरावा तोच राहिला.

बाध न होणे म्हणजे सत्य सिद्ध होणे नव्हे, हे येथे स्पष्ट करावयास हवे. 'अधिक वास्तव' ही त्या अवस्थेची एक गुणवत्ता आहे, रंग अधिक गडद दिसावेत तशी. ती त्या अवस्थेविषयीचे प्रमाण होऊ शकत नाही. परंतु उलट बाजूने, कारण रासायनिक आहे म्हणून आशय खोटा, हेही अनुमान टिकत नाही. खुद्द या अवस्थेत नसताना आपल्याला जे वास्तव वाटते त्याच्यामागेही रसायन आहेच.

शब्दाच्या मर्यादेचा आणखी एक, याहून सूक्ष्म, विचार मराठीत झालेला आहे. 'अमृतानुभवा'तील शब्दखंडनाच्या प्रकरणात ज्ञानेश्वर आधी शब्दाचा गौरव करतात : तो विसरलेल्याची आठवण करून देणारा आरसा आहे. आणि मग विचारतात, जे स्वयंप्रकाशी आहे, ज्याला स्वतःचा विसरच पडलेला नाही, त्याच्या ठायी या आरशाचे काम काय? येथे शब्द हरत नाही. त्याला कामच उरत नाही. डीएमटीच्या कथकाचे याच्या नेमके उलट आहे. तो म्हणतो शब्द नाहीत, आणि पुढे पानेच्या पाने बोलतो. त्याची शब्दातीतता ही निवेदनाची सुरुवातीची मुद्रा आहे, कीर्तनकाराच्या नमनासारखी. तिने श्रोत्याला तयार करायचे असते. या दोन मौनांना एकाच रकान्यात गुण देणारी प्रश्नावली काय मोजत असेल याची कल्पना यावी.

यावर सोपे उत्तर स्टीव्हन कात्झ यांचे आहे. माध्यमावाचून अनुभव नसतो, परंपरा जे शब्द देते त्यांतच अनुभव घडतो, असे त्यांनी १९७८ मध्ये स्टेस यांच्याविरुद्ध मांडले. अल्डस हक्सली यांना हे तंतोतंत लागू पडते. त्यांनी मेस्कॅलिन घेतले ते मे १९५३ मध्ये; 'द पेरेनियल फिलॉसफी' मात्र १९४५ सालीच प्रसिद्ध झाले होते. फुलदाणीतील फुलांकडे पाहून 'सच्चिदानंद' हा शब्द त्यांच्या लेखणीतून उतरला याचे आश्चर्य वाटू नये. तो आठ वर्षे वाटच पाहत होता. उलट कॅथलिक पंथाचे आर. सी. झेनर यांनी तेच द्रव्य १९५५ मध्ये घेतले आणि त्यांना ते क्षुल्लक वाटले. परंतु कात्झ यांचा सिद्धांत इतका सर्वंकष आहे की तो प्रत्येक संहितेला सारखाच लागू होतो, आणि म्हणूनच दोन संहितांतला फरक सांगण्याच्या कामी निरुपयोगी ठरतो. शिवाय बुडापेस्टच्या पन्नाशीच्या दशकातील कथनांतही आत्मे दिसल्याचा उल्लेख आहे, तेव्हा 'यंत्रमय बुटक्यां'ची टेरेन्स मॅकेना यांची परिभाषा जन्मालाही आलेली नव्हती. सारेच उसने, असे म्हणून भागत नाही.

आंरी मिशो यांचे 'मिझेराब्ल मिराक्ल' (१९५६) यासाठी वाचावे. द्रव्य मेस्कॅलिनच, पण हक्सलींचा निबंध जेथे सुघड परिच्छेदांत चालतो तेथे मिशोंचे पान फुटलेले आहे. समासात दुसराच मजकूर धावतो, हस्ताक्षर थरथरते, रेखाचित्रे वाक्यांची जागा घेतात. शीर्षकातच चमत्काराला 'दीनवाणा' म्हटलेले आहे. मिशो काय दिसले याची ग्वाही फारशी देत नाहीत. वेग, पुनरावृत्ती, वाक्य पुरे होण्याआधीच पुढचे येऊन आदळणे, हे ते लिहिण्याच्या कृतीतच राहू देतात. अनुभवाने भाषेला जेथे मुरड घातली ती जागा येथे दाखवता येते. सज्ज भाषेने अनुभवाला जेथे गिळले ती जागा हक्सलींमध्ये दाखवता येते. हा भेद समीक्षेच्या कक्षेतला आहे, आणि तो करण्यासाठी दुसऱ्या जगाच्या अस्तित्वावर मत देण्याची गरज पडत नाही.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील टिमरमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १३ स्वयंसेवकांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात प्रश्नावलीबरोबर सूक्ष्म-प्रत्ययशास्त्रीय मुलाखतीचे तंत्रही वापरले आहे. या मुलाखतीत 'ते काय होते' आणि 'तुम्हाला त्याचा अर्थ काय वाटतो' हे प्रश्न शक्यतो टाळतात. कथक अर्थाकडे वळला की त्याला मागे आणले जाते : ते कोणत्या क्षणी आले, कोणत्या बाजूने आले, त्याआधी शरीरात काय होते, आले हे कशावरून कळले.