कुरण, शाळा आणि श्रम : स्थानाधिष्ठित पर्यावरणशिक्षणाच्या संकल्पनेची एक समीक्षा

प्रास्ताविक

शालेय पर्यावरणशिक्षणाविषयी गेल्या तीन दशकांत जे लेखन झाले, त्यात ‘स्थानाधिष्ठित शिक्षण’ ही संकल्पना विशेष प्रभावी ठरली. विद्यार्थी ज्या गावात, वस्तीत किंवा खोऱ्यात राहतो ते ठिकाण हाच त्याच्या अभ्यासाचा आरंभबिंदू असावा आणि शिकलेले ज्ञान त्या ठिकाणच्या लोकांच्या उपयोगी पडावे, असे तिचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. मराठी शिक्षकाला यात फारसे नवे वाटणार नाही. ‘परिसर अभ्यास’ हा विषय आपल्या प्राथमिक शाळांत रुळलेला आहे. तरीही या संकल्पनेची चिकित्सा आवश्यक वाटते. ‘स्थान’ म्हणजे निसर्ग असे गृहीत धरले की त्या स्थानाचा मालक कोण आणि तेथे राबतो कोण, हे प्रश्न वर्गाबाहेरच राहतात. प्रस्तुत लेखात डेव्हिड सोबेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाची मांडणी प्रथम पाहून नंतर ती डहाणू तालुक्यातील एका प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहावयाची आहे.

सोबेल यांची मांडणी

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात अध्यापन करणाऱ्या सोबेल यांचे ‘बियाँड इकोफोबिया’ हे छोटेखानी पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा आक्षेप सरळ आहे. ज्या मुलाने आपल्या घरामागचा ओढा कधी ओलांडलेला नाही, त्याला दूरच्या वर्षावनांच्या विनाशाची चित्रे दाखविली, तर त्याच्या मनात निसर्गाविषयी प्रेम उत्पन्न होण्याऐवजी भय आणि दुरावा उत्पन्न होतो. म्हणून चौथ्या इयत्तेपूर्वी पर्यावरणाच्या शोकांतिका मुलांपुढे ठेवू नयेत, असा त्यांचा सल्ला आहे. चार ते सात या वयात सजीवांशी जवळीक, आठ ते अकरा या वयात परिसराचा मुक्त शोध आणि त्यानंतर सामाजिक कृती, असा क्रम ते सुचवितात. पुढे २००४ सालच्या ‘प्लेस-बेस्ड एज्युकेशन’ या पुस्तकात त्यांनी शाळा आणि नगर यांच्या परस्परसंबंधांचा विस्ताराने विचार केला.

या मांडणीतील सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. पर्यावरण दिनी पहिलीतल्या मुलांकडून ओझोनच्या थरावर घोषणा वदवून घेणाऱ्या आपल्या शाळांनी तर ती अवश्य वाचावी. परंतु सोबेल यांच्या क्रमात जे मूल अभिप्रेत आहे ते निसर्गापासून दुरावलेले, सुखवस्तू घरातील मूल आहे. त्याला ओढ्याकाठी पाठविणे हा उपाय ठरतो. जे मूल आठव्या वर्षी गुरे राखते, लहान भावंडाला कडेवर घेऊन पाणी भरते, त्याच्या बाबतीत ‘मुक्त शोध’ या शब्दांना काय अर्थ उरतो? शोकांतिका चौथीपर्यंत पुढे ढकलण्याची सोय त्याला नाही.

डेव्हिड ग्रुनेवाल्ड यांनी २००३ साली ‘एज्युकेशनल रिसर्चर’ या नियतकालिकातील लेखात ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. स्थानाचे शिक्षण आणि चिकित्सक शिक्षणशास्त्र यांची सांगड घालून त्यांनी दोन उद्दिष्टे सांगितली : निर्वसाहतीकरण आणि पुनर्निवास. त्यांतील दुसऱ्या शब्दाचे भाषांतर करताना मराठी लेखकाची लेखणी अडखळते. जवळचा मराठी शब्द ‘पुनर्वसन’ हा आहे. पण आपल्याकडे त्याचा अर्थ धरणाखाली गेलेल्या गावाला उचलून दुसरीकडे बसविणे असा झाला आहे. आपल्याच ठिकाणी नव्याने, जाणतेपणाने राहू लागणे या अर्थाचा शब्द आपल्याला अजून घडवावा लागतो, हे पुरेसे बोलके आहे.

कोसबाडचे कुरण

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ साली हे कार्य जवळच्याच कोसबाड येथे, वारली वस्तीच्या परिसरात गेले. (त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) माँटेसरी पद्धतीची महागडी साधने येथे शक्य नव्हती, त्यांची जागा खडे, पाने, काड्या, शिंपले यांनी घेतली. मुले शाळेत येईनात तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. मोठी मुले दिवसभर गुरांमागे असत; त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ उभी राहिली. पाश्चात्त्य लेखनात ज्याला स्थानाधिष्ठित शिक्षण म्हणतात, त्याचे हे रूप सोबेल यांच्या पुस्तकांच्या कित्येक दशके आधीचे आहे. त्याचा आरंभही वेगळा आहे. मुलाला निसर्गात नेण्याचा येथे प्रश्नच नव्हता. मूल तेथेच होते, कारण त्याला काम होते. शाळेने त्या कामाचे वेळापत्रक मान्य केले, ही माझ्या मते कुरणशाळेची सर्वांत मोठी शैक्षणिक गोष्ट होय.

परंतु याच भूप्रदेशाचा दुसराही इतिहास आहे. बोर्डीचे केंद्र सुरू झाले त्याच १९४५ साली उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांचा उठाव सुरू झाला. वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध तो होता, आणि १९४६ साली गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक त्या लढ्याचे अनुभवकथन आहे. म्हणजे जे गवत कुरणशाळेत मुलांच्या भोवती वाढत होते, तेच त्यांच्या आईबापांच्या मजुरीच्या भांडणाचा विषय होते. जमीनदाराची जमीन, कापणाऱ्याचे हात आणि बाजारातील भाव हे सारे त्या एका पेंढीत बांधलेले होते.

अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ सहसा शिक्षणशास्त्राच्या वर्गात वाचले जाते; गोदावरीबाईंचे पुस्तक इतिहासाच्या किंवा साहित्याच्या. एकाच मुलखातील ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून क्वचितच वाचली जातात. यात कोसबाडच्या कार्याला उणे लेखण्याचा हेतू नाही. उपाशी मुलाला आधी खाऊ-पिऊ घालावे लागते, हे तेथील शिक्षकांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते. आक्षेप आपल्या वाचनपद्धतीवर आहे. कुरणाला आपण ‘मुक्त वर्ग’ म्हणून गौरवितो आणि ‘कामाची जागा’ म्हणून विसरतो.

अल्मोड्याची मोजणी

या दोन्ही बाजू एकत्र आणण्याच्या जवळ गेलेला एक भारतीय प्रयत्न म्हणून अल्मोडा येथील उत्तराखंड सेवा निधीच्या पर्यावरणशिक्षणाकडे पाहता येईल. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या या उपक्रमातून सहावी ते आठवीसाठी ‘हमारी धरती हमारा जीवन’ ही कार्यपुस्तके तयार झाली. पहाडी शेती जंगलावर उभी असते : झाडाचा पाला गोठ्यात जातो, गोठ्यातले खत शेतात जाते. विद्यार्थी आपल्याच गावात घराला लागणारे लाकूड, जनावरांना लागणारा चारा आणि पाणी यांची मोजदाद करतात आणि गावची जमीन त्याला पुरी पडते का, हे पाहतात. असे वजन करावयास बसले की भारा कोणाच्या डोक्यावरून आला, हे निराळे शिकवावे लागत नाही. मात्र तराजू तूट दाखवितो, तिचे कारण दाखवीत नाही. त्यासाठी शिक्षकाला १९२१ च्या कुमाऊँतील वनआंदोलनापर्यंत आणि १९३१ च्या वनपंचायतीच्या नियमांपर्यंत मागे जावे लागेल.

महाविद्यालयापुरते

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पदवीस्तरावर पर्यावरण हा विषय अनिवार्य होण्यास बराच काळ गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सहा महिन्यांच्या पाठ्यक्रमात ५० तासिकांपैकी क्षेत्रकार्यास ५ होत्या. गुण मात्र १०० पैकी २५. या विषम प्रमाणाचे फळ आपण सर्वांनी तपासले आहे. एकाच दुकानातून छापून आणलेल्या प्रकल्पवह्या, तीच छायाचित्रे, तोच ‘उपसंहार’. ज्या विद्यार्थिनीच्या गावाला मार्चपासून टँकरने पाणी येते, तिची वही ॲमेझॉनच्या जंगलाविषयी असलेली मी पाहिली आहे आणि, कबूल केले पाहिजे, तिला चांगले गुणही दिले आहेत. टँकर कोणाचा, विहीर कोणाची, वरच्या अंगाला ऊस कोणाचा, हे तिला विचारले असते तर तिच्याजवळ उत्तरे होती.

आयोगाने २०२३ साली नवा आराखडा दिला आहे. क्षेत्रकार्य त्यातही आहे. ते कोठे करावे, हे ठरविणे बव्हंशी आपल्याच हाती आहे. सहलीची बस सांगण्यापूर्वी वर्गातील विद्यार्थ्यांनी आपल्या घरी रोज येणारे पाणी, सरपण वा गॅस, चारा आणि मजुरी यांचा आठवडाभराचा हिशेब लिहून आणावा आणि तो वर्गात मोठ्याने वाचला जावा. त्या वाचनात काही नावे निघतील, कदाचित संस्थेच्या देणगीदारांचीही. अशा वेळी प्राध्यापकाने कोणती भूमिका घ्यावी, याविषयी सोबेल यांच्या पुस्तकांत मार्गदर्शन सापडत नाही.